चूल घरी ठेवून फिरायला

बायांनो, माहूरला आपण बहुतेक सगळ्याच जाऊन आलोत. पण कशाला? नवस फेडायला. रेणुकामाईचं दर्शन झालं की लगेच घराकडं, गुरं वाट बघतात म्हणून. रामगड किल्ला, पांडवलेणी निवांत किती जणींनी पाहिली?

सोयाबीनची रास झाली की चार दिवस मिळतात. किनवट-माहूरचा डोंगर तवा हिरवा असतो. पैनगंगेला पाणी असलं तर इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबाही बघता येतो.

शहरातली माणसं आता घरासारखी गाडी घेऊन फिरतात. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ मध्ये सरकारनं त्याचं धोरणही आणलं. आत पलंग, ओटा, संडास. संडास पाहिजेच, वाटेत सोय नाही म्हणून आपण दिवसभर पाणी पीत नाही. पण ओटा? तिथंही भाकरी आपणच थापायच्या का? त्यापेक्षा एसटी बरी. २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे.

गटाच्या कर्जाला हात लावायचा नाही. आठवड्याला दहा रुपये वेगळे टाकले तर वर्षाला ५२० होतात. घरी विचारू नका, सांगा. नावं येत्या बैठकीत लिहून घेऊ.