दुधाचा आलेख रोज पुढे सरकावा



गाईचे दूध एकाएकी घटणे हे कासदाहाचे लक्षण असू शकते. परंतु एक्सेलमधील आलेख ३० ओळींपुरताच काढलेला असेल, तर ३१व्या दिवसाची घट त्यात दिसणारच नाही. कास सुजेल, आलेख मात्र जुनेच दूध दाखवील.

यासाठी तारीख व दूध (लिटर) असे दोन रकाने शीर्षकासह भरावेत. नोंदींतील एका चौकटीवर क्लिक करून कंट्रोल व टी ही बटणे एकत्र दाबावीत. शीर्षकाच्या पर्यायावर खूण ठेवून ओके करावे. त्यानंतर इन्सर्टमधून लाइन चार्ट घ्यावा. रोजची नोंद शेवटच्या ओळीखाली लगेच करावी; मध्ये ओळ मोकळी सोडू नये. आलेख आपोआप वाढेल. रेषा उतरताच कास तपासावी व पशुवैद्यकांना बोलवावे.