चार कॅमेऱ्यांचं खोकं घेण्याआधी



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर पोरांचं काम. विषय आहे व्हिडिओ स्विचर. लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात एक मुलगा छोटं खोकं आणि टीव्ही घेऊन बसलेला असतो. तो बटणं दाबतो आणि पडद्यावर कधी नवरी दिसते, कधी भटजी, कधी वऱ्हाडी. ते खोकं म्हणजे स्विचर. आपल्याकडे त्याला मिक्सिंगचं मशीनही म्हणतात. तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रं त्यात येतात आणि आपण निवडलेलं एक चित्र बाहेर जातं. काम एवढंच.

हा विषय घेतला, कारण चर्चमधली रविवारची उपासना घरी दाखवायची सोय आता बऱ्याच ठिकाणी हवी आहे. 2020 च्या टाळेबंदीत देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद झालं, तेव्हा मोबाईलवरून उपासना सुरू झाल्या. टाळेबंदी उठली, पण गुडघ्यानं अडलेली आजी, ओली बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला माणूस, सुरत-पुण्याला कामाला गेलेली मुलं, यांची गरज काही उठली नाही. मग पाळकसाहेब म्हणतात, चांगला संच घेऊ. चर्चमधल्या महिला मंडळाच्या बाया म्हणतात, आमच्या गटाचे पैसे आहेत, आम्ही घेतो, आम्हीच चालवतो. विचार चांगला आहे. पण पैसा गटाचा आहे, म्हणजे भाजी विकून, निंदणी-खुरपणी करून जमवलेला. म्हणून दुकानात जाण्याआधी हे ऐका.

हे बायांना जमेल का, असं कोणी विचारलं तर अहमदाबादचं उदाहरण सांगा. तिथल्या सेवा या संघटनेनं 1984 साली बायांना व्हिडिओ कॅमेरा शिकवला. त्यात भाजी विकणाऱ्या होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. तेव्हाची यंत्रं आजच्यापेक्षा जड आणि अवघड होती, तरी त्या शिकल्या.

आता पहिली गोष्ट. स्विचर सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी आवाज, मग उजेड, मग कॅमेरा, मग स्विचर. घरी पाहणारी आजी एका बाजूनं दिसणारं चित्र तासभर पाहील. पण उपदेश ऐकू आला नाही तर पाच मिनिटांत मोबाईल खाली ठेवेल.

आपल्या मराठी उपासनेत आवाजाचं काम जरा जास्तच आहे. तबला, पेटी, झांजा, सगळी मंडळी मिळून गाणारी. ही भजनाची चाल रुजवण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा वाटा. धरणगावशी त्यांचं नातं आहे बरं का. आपल्या धरणगावात 1890 साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी ही पदवी मिळाली, आणि पुढे ते नगरला टिळकांच्याच घरी राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रे या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं आहे. तर टिळकांची गीतं आजही तबला-पेटीवर गातात, आणि मोबाईलच्या माइकवर झांज आणि तबला एवढे चढतात की शब्द बुडतात. त्यामुळे चर्चमधल्या साउंड मिक्सरमधून, म्हणजे जिथे सगळे माइक जोडलेले असतात तिथून, एक वायर काढून आवाज थेट स्विचरमध्ये घ्या. एक माइक मंडळीच्या गाण्यासाठी वेगळा ठेवा, नाहीतर पाळक ऐकू येतील आणि मंडळी मुकी वाटेल. शिवाय एका मोबाईलवर आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. काही बिघडलंच तर तो उपयोगी पडतो.

आता स्विचर. स्वस्तातल्या खोक्यांना बहुतेक चार एचडीएमआयची तोंडं असतात. एचडीएमआय म्हणजे सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीला जाते ती चपट्या तोंडाची वायर. 2019 मध्ये ब्लॅकमॅजिक या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीनं एटेम मिनी नावाचं खोकं काढलं. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत 295 डॉलर होती, आणि लहान चर्च, शाळा, लग्नवाले यांना ते परवडू लागलं. रोलँड, फीलवर्ल्ड या कंपन्यांचीही चार तोंडांची खोकी मिळतात. आपल्याकडचा भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, म्हणून मी आकडा सांगत नाही. तीन दुकानांची कोटेशन घ्या, आणि दुकानदाराला हे पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, हे खोकं स्वतः रेकॉर्ड करतं का? साधा एटेम मिनी करत नाही. त्याला लॅपटॉप जोडावा लागतो. त्याचाच पुढचा प्रकार, एटेम मिनी प्रो, यूएसबी डिस्कवर स्वतः रेकॉर्ड करतो आणि इंटरनेटची वायर जोडली तर थेट प्रक्षेपणही करतो. गटाकडे चांगला लॅपटॉप असेल तर साधा पुरेल. लॅपटॉपवर ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. लॅपटॉप नसेल, तर साधं खोकं आणि नवा लॅपटॉप मिळून प्रोपेक्षा महाग पडतं. स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी.

दुसरा प्रश्न, चारही कॅमेरे एका पडद्यावर एकदम दिसतात का? साध्या एटेम मिनीत दिसत नाहीत, प्रोमध्ये दिसतात. नव्यानं शिकणारीला हे फार लागतं. पुढचं चित्र हलतंय की स्थिर आहे, हे न बघता बटण दाबायचं म्हणजे अंधारात दाणे निवडणं.

तिसरा, वेगवेगळे कॅमेरे जोडले तर चालतील का? काही खोक्यांना सगळे कॅमेरे एकाच मापावर लावलेले लागतात. काही खोकी स्वतः जुळवून घेतात. आपल्याकडे एक कॅमेरा उसना आणि एक भाड्याचा असणार, म्हणून जुळवून घेणारंच बघा.

चौथा, आमच्या कॅमेऱ्यातून स्वच्छ चित्र बाहेर येतं का? काही कॅमेऱ्यांतून बॅटरीची खूण आणि आकडेही चित्रावर येतात. काही कॅमेरे अर्ध्या तासानं आपोआप बंद होतात. यूएसबीमधून चित्र बाहेर देणं प्रत्येक मोबाईलला जमत नाही. म्हणून कॅमेरा सोबत न्या, दुकानातच जोडून तासभर चालू ठेवून बघा.

पाचवा, पक्कं बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती कुठे? जळगावात होते की मुंबईला पाठवावं लागतं? बिल गटाच्या नावावर घ्या.

आता जोडणीच्या चार गोष्टी. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नसते. चर्च लांब असेल तर खोकं मध्यावर ठेवा, किंवा लांबच्या कॅमेऱ्यासाठी ऑप्टिकल वायर घ्या. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. कॅमेरे 25 किंवा 50 फ्रेमवर आणि शटर 1/50 वर ठेवा, लुकलुक जाते. वीज गेली तर चालू रेकॉर्डिंगची फाइल खराब होऊ शकते, म्हणून खोक्याला छोटा यूपीएस हवाच. आणि ओठ आधी हलले, आवाज मागून आला किंवा उलट झालं, तर आवाज किंवा चित्र किंचित उशिरा लावायची सोय सेटिंगमध्ये आहे का, ते बघून ठेवा.

इंटरनेटचा हिशेब घरच्या हिशेबासारखाच आहे. थेट प्रक्षेपण 3 एमबीपीएसवर केलं तर दोन तासांच्या उपासनेला सुमारे 2.7 जीबी डेटा लागतो. रोजच्या 1.5 जीबीच्या रिचार्जवर ते साधारण एक तास सहा मिनिटांत बंद पडेल, म्हणजे नेमकं उपदेशाच्या मध्यात. रेंज कमी असेल तर थेट दाखवायचा हट्ट धरू नका. नीट रेकॉर्ड करा आणि संध्याकाळी पाठवा. यूट्यूबवर थेट दाखवण्याची सोय पहिल्यांदा चालू व्हायला 24 तास लागू शकतात. शनिवारी रात्री आठवण झाली तर रविवार हुकला.

आता पैशाचं बोलते. समजा, खोकं, दोन कॅमेरे, स्टँड, वायरी, यूपीएस मिळून 60,000 रुपये झाले आणि गटातून महिना 1 टक्क्यानं, 24 महिन्यांसाठी कर्ज घेतलं. मुद्दलाचा हप्ता 2,500, पहिल्या महिन्याचं व्याज 600, म्हणजे 3,100 रुपये. उपासनेचे पैसे कोणी देणार नाही, घेऊही नयेत. मग हप्ता येणार लग्न, हळद, भागवत सप्ताह, कानबाईचा उत्सव, ग्रामसंघाची सभा यांतून. एका कामाचे खर्च वजा जाता 1,000 सुटले, तर महिन्याला तीन-चार कामं हवीत. लग्नसराईत मिळतील, पावसाळ्यात मिळतील का? आधी दोन-तीन रविवार संच भाड्यानं आणा. कोण शिकते, कोण टिकते, गावातून किती जण काम देतात, हे वहीत लिहा. मग ठराव करा. किल्ली कोणाकडे, मोडलं तर कोण भरणार, हेही ठरावात येऊ द्या.

शेवटची गोष्ट यंत्राची नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठी. उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. कोणाचं नाव घेतलं जातं, दुखणं सांगितलं जातं. कोणाची सून माहेरी निघून गेलेली असते, कोणी रडत गुडघे टेकतं. ते देवापुढे आणि चार आपल्या माणसांपुढे बोललेलं असतं. ते गावभर मोबाईलवर फिरलं, तर पुढच्या रविवारी ती बाई तोंड उघडणार नाही, कदाचित येणारही नाही. म्हणून त्या वेळी बटण दाबून क्रूस, फुलं किंवा बायबलच्या चौथऱ्यावरचा कॅमेरा लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. चालवणाऱ्या बाईला हा अधिकार लेखी द्या. त्यासाठी तिला कोणाला विचारायला लागू नये. लहान मुलांचे आणि तरुण मुलींचे चेहरे जवळून घेऊ नका. चर्चच्या दारावर पाटी लावा, आणि ज्यांना दिसायचं नाही त्यांच्यासाठी कॅमेऱ्यात न येणारी एक बाजू राखून ठेवा. यूट्यूबवर व्हिडिओ अनलिस्टेड ठेवला तर शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो. पण लिंक पुढे जाऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

हे चर्चपुरतं नाही. कीर्तनात, हळदीत, आपल्या गटाच्या बैठकीतही हाच नियम लावा.

तर येत्या बैठकीत एवढंच करा. एक मोबाईल स्टँडवर लावा, साउंड मिक्सरमधून आवाज घ्या, एक उपासना किंवा एक सभा रेकॉर्ड करा, आणि घरी बसलेल्या एखाद्या आजीला दाखवा. तिला विचारा, माय, काय ऐकू आलं नाही? काय दिसलं नाही? तिची उत्तरं वहीत लिहून घ्या आणि ती वही घेऊनच दुकानात जा.