मर्यादित दायित्वाची मर्यादा

(उद्योजकांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. १८९६ साली इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहाने चर्मव्यावसायिक सॉलोमन यांच्या खटल्यात हे तत्त्व पक्के केले. कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान भागांच्या रकमेपुरते. संचालकाचे घर सुरक्षित. या अभयामुळेच माणूस उद्योगाचे धाडस करतो. प्रामाणिक अपयश हा गुन्हा नव्हे.

परंतु हे कवच लबाडीसाठी नाही. धनकोंना फसविण्याच्या हेतूने कारभार झाल्याचे कंपनीच्या अवसायनात आढळले, तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ३३९ नुसार त्यात जाणूनबुजून सामील झालेल्या संचालकांवर वैयक्तिक, अमर्याद दायित्व येऊ शकते. फसवणुकीने ठेवी गोळा करणाऱ्यांसाठी कलम ७५ आहे. दिल्लीच्या स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणात जागेपोटी अनेकांकडून पैसे उकळण्यात आले होते; १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा पडदा दूर सारून संचालक व त्याच्या कुटुंबीयांच्या मालमत्तेलाच हात घातला.

कर्जासाठी वैयक्तिक हमी दिली, तर हे कवच आपणच उतरवून ठेवतो. दिवाळखोरी कायद्याखाली कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणून घरच्यांच्या शब्दाखातर 'नावापुरते' संचालक होणाऱ्या माता-भगिनींनीही सहीपूर्वी कागद वाचावा.

आपला व्यापारी वहीच्या आरंभी नुसते 'लाभ' लिहीत नाही. आधी 'शुभ' लिहितो. कायद्याने मर्यादा दायित्वाला घातली आहे, सचोटीला नव्हे.