फोडणीच्या आधीचा वाटा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवीला कुत्र्याच्या जेवणाविषयी बोलायला कोणी बोलावलं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला माणूस. पशुवैद्यकाचं एक पानही मी वाचलेलं नाही. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या घरच्या कुत्र्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, जवळजवळ मारलं होतं. तो वाचला. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो आहे. त्यातूनच हे बोलावणं आलं.

कुत्र्याचं नाव मोती. जात लॅब्राडोर. चार वर्षांपूर्वी धाकट्या मुलानं पुण्याहून आणला. ‘ब्रुनो’ वगैरे नावं सुचवली गेली होती, पण मोती या नावाचा आग्रह मी धरला. त्याचं कारण पुढं येईलच. अमरावतीला आमचं घर जुन्या पद्धतीचं आहे, पुढं अंगण आणि ओटा. मोतीचा मुक्काम तिथं. नमाजाच्या खोलीकडं त्याला मज्जाव, आणि त्याची लाळ कपड्याला लागली की कपडा धुवायचा, हा घरचा नियम. या नियमामुळं त्याचं आमच्यावरचं प्रेम तसूभरही कमी झालेलं नाही.

डिसेंबरात मुलीचं लग्न झालं. आठवडाभर घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. अंगणात चुली, भगोने, कांद्याची पोती. मोतीची तर चंगळच झाली. लग्न आटोपून चार-पाच दिवस झाले आणि तो सुस्त पडू लागला. आम्ही म्हटलं, थकला असेल, आपणही थकलोच आहोत. मग एका सकाळी नातू म्हणाला, “नाना, मोतीची जीभ पांढरी झाली.” पाहतो तर हिरड्याही कागदासारख्या. लघवी काळपट, चहाच्या रंगाची. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रक्त फार कमी वाटतं, उशीर करू नका, अकोल्याला घेऊन जा.

अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे. आमच्या भागातले लोक गाय-म्हैस घेऊन तिथं जातात, हे लहानपणापासून पाहिलेलं. कारण अकोला माझं जन्मगाव. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, मागच्या सीटवर मोती, त्याचं डोकं मुलाच्या मांडीवर. त्या दिवशी कपडे धुण्याचा विषय कोणी काढला नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. धडधाकट कुत्र्यात ते बाराच्या वर असतं. आपल्याकडं असं झालं की पहिला संशय गोचिडतापावर जातो, तसा डॉक्टरांनाही आला. पण त्यात काही निघालं नाही. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मला विचारलं, “चाचा, याला खायला काय देता?”

मी अभिमानानं म्हणालो, “आम्ही जे खातो तेच. भेदभाव नाही.”

ते हसले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, “लग्नाच्या आठवड्यात यानं काय काय खाल्लं, कोणी कोणी दिलं, सगळं लिहा. घरी फोन करून विचारा.”

मी आयुष्यभर कागदावर लिहीत आलो आहे, पण त्या यादीइतकं अवघड काही लिहिलं नसेल. फोनवर एकेक जण कबूल करू लागला. बायकोनं रोज रात्री मटणाच्या रश्श्यात भाकर कुस्करून दिलेली. साळ्यानं बिर्याणीच्या तळाचा, तळलेल्या कांद्याचा सगळा थर त्याच्या पुढं ओतलेला. नातवानं किसमिस घातलेला जर्दा, आणि चॉकलेटचे दोन तुकडे. मुलानं कोंबडीची हाडं. समोरच्या काकूंनी, त्या बिचाऱ्या शुद्ध शाकाहारी, कांद्याची भजी. आणि मी? रोज सकाळी चहात बुडवलेली खारी. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढं थोडंसं देतो.

डॉक्टरांनी ‘कांदा’ या शब्दाखाली रेघ मारली. कांद्यातले काही घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं, तळल्यानं, वाळवल्यानं ते जात नाहीत. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो, म्हणून कोणाला जोड लागत नाही. हिशेब असा की, एका वेळी कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर धोका; आणि थोडा थोडा रोज गेला तरी तो साचत जातो. मोतीचं वजन तेव्हा ३८ किलो. म्हणजे १९० ग्रॅम, मध्यम आकाराचे दोन कांदे. वऱ्हाडातल्या एका रश्श्याला एवढ्यावर कोण थांबतं? लसूण त्याच घराण्यातला, आणि वजनास वजन धरलं तर कांद्याहून जास्त जहरी.

किसमिस वाचून ते खरे घाबरले होते. द्राक्षं, मनुका, किसमिस यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि कोणत्या कुत्र्याला किती पुरेल याचा नेम नाही. चॉकलेटचंही तसंच, जितकं काळं तितकं वाईट. मोतीचं मूत्रपिंड सुदैवानं शाबूत निघालं. रक्त आणखी खाली गेलं असतं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागणार होतं. ती वेळ आली नाही. सलाइन, औषधं, आणि कांदा बंद. तीनेक आठवड्यांत जीभ पुन्हा गुलाबी झाली.

हाडांच्या ओळीवर मात्र मी स्वतःच अडलो. डॉक्टर सांगत होते की शिजलेलं हाड ठिसूळ होतं, चावलं की त्याच्या सुया होतात, त्या आतड्यात रुततात. कच्चं हाडही बिनधोक नाही, दात तुटतात, जंतू जातात. पण शिजलेलं तर अजिबात नको. मी ऐकत होतो आणि मला अकोल्याचं जुनं शहर दिसत होतं, मोर्णेच्या बाजूचं आमचं घर. साल १९७८ च्या आसपासचं, मी दहा वर्षांचा. तेव्हाही आमच्या दारात एक कुत्रा असायचा, गावठी, पिवळसर. त्याचंही नाव मोती. बकरी ईदच्या दिवशी मी माझ्या ताटातली सगळी हाडं त्याच्यासाठी राखून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी तो भिंतीमागं पोट आवळून पडला. अम्मी कुत्र्याला कधी शिवत नसे. पण त्या दिवशी ती मातीच्या परळात पाणी घेऊन दोन-तीनदा त्याच्यापाशी जाऊन बसली. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीचं पाणी पाजणाऱ्याचे गुन्हे माफ झाले, ही गोष्ट तिनंच आम्हाला सांगितलेली. मोती त्या रात्री गेला. अम्मी म्हणाली, नजर लागली. त्याचं पोट कोणी उघडून पाहिलं नव्हतं, तेव्हा खात्रीनं मी काही म्हणू शकत नाही. पण त्या टेबलासमोर बसून मला ते ताट आठवलं, आणि ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

असो. मग काय द्यायचं? मी डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे आता भाकर बंद?” ते म्हणाले, “भाकरीनं काय बिघडवलं?” मला वाटत होतं की कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊ, त्याला मांसच हवं. तसं नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तिसापर्यंत. माणसाच्या उंबऱ्यावर बसून, त्याची भाकर खाऊन कुत्र्याचं पोटच बदललं. तेव्हा ज्वारीची भाकर, भात, कण्या हे त्याला चालतं. मात्र नुसतं तेवढंच पुरत नाही. त्याच्या जोडीला उकडलेलं बिनहाडाचं कोंबडीचं मांस किंवा अंडं, शिजवलेलं कोहळं, गाजर, आणि बिनमिठाचं, बिनफोडणीचं वरण.

कळीची गोष्ट हीच फोडणी. आपल्याकडं कुत्र्याला काय मिळतं? शेवटची भाकर आणि भांड्याच्या तळाचं. म्हणजे नेमकं जिथं तेल, तिखट, मीठ आणि कांदा-लसूण खाली बसलेलं असतं ते. आता आमच्या घरी वरण शिजलं की फोडणी पडण्याआधी मोतीची वाटी बाजूला निघते. मांस उकडलं की मसाल्याआधी त्याचे तुकडे निघतात. बायको म्हणते, यात वेगळा स्वयंपाक कुठं करावा लागतो? फक्त त्याचा नंबर शेवटून पहिला आला.

समोरच्या काकूंकडंही एक कुत्रा आहे, दहीभातावर वाढलेला. त्यांनी मला बजावलं, “भाऊ, आमच्या घरात अंडं येनार नाई, सांगून ठेवतो.” मी त्यांच्या वतीनं डॉक्टरांना विचारलं. मांसाशिवाय कुत्रा जगू शकतो, मांजर नाही. पण मग प्रथिनं, जीवनसत्त्वं, चुना यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्यावा लागतो, नुसत्या दहीभातावर भागत नाही. उलट नुसतं मांस घालणाराही चुकतो, कारण मांसात चुना जवळजवळ नसतो, आणि पिल्लांची हाडं वाकतात. आणि म्हणून कोणी आपल्या मनानं पिल्लाला कॅल्शियमच्या बाटल्या पाजू लागला, तर मोठ्या जातीच्या पिल्लांत त्यानंही हाडं बिघडतात. आमच्या मोतीला अंड्याच्या कवचाची पूड मिळते, पण तिचा चमचा डॉक्टरांनी ठरवलेला आहे, मी नव्हे.

पाकिटातल्या दाण्यांबद्दल माझा आधी राग होता. कवीला पाकिटातलं काहीच आवडत नाही. पण ज्यांच्या घरी एवढा मेळ बसवायला वेळ नाही, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलंय का आणि कोणत्या वयासाठी, एवढं मात्र वाचावं. एका अन्नावरून दुसऱ्यावर जाताना आठ-दहा दिवस थोडं थोडं मिसळत जावं, एकदम बदललं की पोट बिघडतं.

खरी अडचण प्रमाणाची. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण चारांतल्या एका लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित जनुकाचा एक तुकडाच नसतो. त्यामुळं तो सारखा भुकेला. आमचा त्यातलाच असावा. “भाऊ, हा कुत्रा हाय का हेला?” असं काकू विचारायच्या आणि आम्ही ते कौतुक समजायचो. अमेरिकेत कुत्र्यांचं अन्न विकणाऱ्या एका कंपनीनंच ४८ लॅब्राडोर घेऊन चौदा वर्षं प्रयोग केला. जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव भाग कमी खायला दिलं. २००२ साली निष्कर्ष छापून आला : कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती, ते कुत्रा पाळणाऱ्यालाच कळतं. बरगडीवरून हात फिरवला तर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत, ही डॉक्टरांनी शिकवलेली साधी खूण.

नामदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुत्रं भाकर घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. मी ती डॉक्टरांना ऐकवली. ते म्हणाले, “नामदेवांनी धावावं, चाचा. तुम्ही नका धावू. फार स्निग्ध पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते.” मग थोडं थांबून म्हणाले, “पाणी मात्र कितीही द्या.”

पाण्याची गोष्ट आपल्या भागात तर फारच खरी. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ च्या पुढं जातो. त्या दिवसांत मोतीचं जेवण उजाडता आणि रात्री ऊन उतरल्यावर, आणि पाण्याचं परळ सावलीत, दिवसातून तीनदा बदललेलं. आंब्याच्या दिवसांत कोयी उचलून ठेवायच्या. गिळली तर आतड्यात अडकते.

आता घरात ओट्याच्या भिंतीवर एक पाटी टांगली आहे. मोतीला ज्यानं जे दिलं ते त्यानं तिथं खडूनं लिहायचं. नातू अक्षरं त्यावरच गिरवतो. माझ्या चहातल्या खारीची नोंद पहिल्या आठवड्यात दोनदा झाली, नंतर नाही.

आणि महिन्यातून एकदा आम्ही त्याला इतवाऱ्यातल्या एका धान्याच्या दुकानात नेतो. दुकानदार ओळखीचे आहेत. मोठ्या काट्यावर ते एक रिकामं पोतं टाकतात, मोती त्यावर बसतो आणि भोवतीची गिऱ्हाइकं थांबून पाहतात. मागच्या खेपेला त्यांनी ज्वारी मोजावी तसा आवाज दिला, “तेहतीस किलो सहाशे!” मग खाली वाकून पाहिलं आणि मला विचारलं, “पोत्याचं वजन वजा करू का, भाईजान?”