वाळूचं घड्याळ आणि आपली घटका

युरोपातल्या जुन्या चित्रांत वाळूचं घड्याळ दिसलं, तर बहुधा चित्रकार मरणाबद्दल बोलतोय असं समजावं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१३ सालच्या कोरीव चित्रात तर साक्षात मृत्यूच घोड्यावरच्या योद्ध्याला ते घड्याळ दाखवतो.

आपल्याकडे वेळ मोजण्याचं हे काम पाण्यानं केलं. घटिकापात्र म्हणजे तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढतं आणि २४ मिनिटांनी वाटी डुबकन तळाला! झाली एक घटका. दिवसरात्र मिळून अशा ६०. भोक जरा मोठं झालं की हिशेब चुकलाच. लग्नाचा मुहूर्त पूर्वी याच वाटीवर साधत. मांडवातली ही शुभ वाटी बोलण्यात मात्र मरणाकडे वळली. अंथरुणाला खिळलेला माणूस शेवटच्या घटका मोजतो, कुणाची घटका भरते. ड्यूररला त्यासाठी चित्र कोरावं लागलं. आपलं बोलण्यातच भागलं.

कुणाच्या माळ्यावर बुडाला भोक असलेली जुनी तांब्याची वाटी सापडली, तर गळकी म्हणून मोडीत देऊ नका. आधी पाण्यात सोडून बघा.