रंगाआधी ब्रेक

वडिलांची जुनी विलीज जीप आमच्या परसात दहा वर्षे उभी होती. आंब्याच्या पेट्यांसाठी त्यांनी तिला मागे हौदा बसवून घेतला होता. घरातले सगळे तिला पिकअपच म्हणत. मी निवृत्त झालो आणि मुलाला हाताशी घेऊन ती घरीच चालू करायचे ठरवले.

सुरुवात केली रंगापासून. तिथेच चुकलो. पॉलिश पेपर मारला, लांबी भरली, हिरवा रंग दिला. इंजिनही सुरू झाले. पहिल्याच उतारावर ब्रेकचे पेडल थेट तळाला गेले. मुलाने गाडी मातीच्या बांधाला घातली, म्हणून निभावले.

मिस्त्रींनी चाक उघडून दाखवले. या जीपच्या चारही चाकांना ब्रेक ऑइल एकाच मार्गाने जाते. एका चाकाचे रबर गळले, की चारही ब्रेक जातात. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि उभ्या गाडीला आतून गंज चढतो. मग आम्ही क्रम बदलला. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, वायरिंग, चासीचा गंज. रंग शेवटी.

मुलाला रुंद टायर हवे होते. पण कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. वडिलांनी हौद्याची नोंद आरसी बुकात रीतसर करून घेतली होती.

त्या हौद्यात पेट्यांच्या खिळ्यांचे ओरखडे आहेत. तेवढी जागा आम्ही रंगवली नाही.