प्रभार



आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला. १९३३ साली ते आपल्या बंगळूरला आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. अशा गावात, मराठी विषयात एम. ए. झालेल्या मी विज्ञानावर बोलावे हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु एक ऋण फेडायचे आहे.

काही वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या आणि सातवीच्या तासाचा प्रभार माझ्याकडे आला. धडा होता स्थितिक विद्युत. मी ऐटीत कंगवा केसांतून फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला. एकही कपटा हलला नाही. जुलै महिना होता, बाहेर रिमझिम चालू होती. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसतो आणि त्यातून प्रभार निसटून जातो, हे मला मागाहून कळले. मुले मात्र हसली नाहीत, ही त्यांची सभ्यता.

फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत मी तोच प्रयोग पुन्हा केला. कपटे झेपावले. तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, कागद तर आपण घासलाच नाही, मग तो का ओढला जातो? आणि चिकटलेले काही कपटे पुन्हा उडून का जातात?"

मला उत्तर येत नव्हते. "उद्या सांगते," म्हणाले आणि रात्री पुस्तके घेऊन बसले.

घर्षणाने प्रभार निर्माण होत नाही, तो केवळ स्थलांतर करतो. केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. कंगवा ऋण आणि केस धन होतात. असा कंगवा जवळ येताच कागदातील ऋणप्रभार किंचित मागे सरतो आणि कागदाची धन बाजू कंगव्यासमोर येते. अंतर वाढले की बल झपाट्याने घटते. दुप्पट अंतरावर ते चौथाई उरते, हे कूलोंब यांनी १७८५ साली मोजून दाखवले. म्हणून जवळच्या बाजूचे आकर्षण दूरच्या बाजूच्या प्रतिकर्षणावर मात करते. स्पर्शानंतर मात कंगव्याचाच प्रभार कपट्यावर उतरतो. आता दोघे सजातीय, म्हणून कपटा दूर उडतो.

यातून मला एक नवी गोष्ट उमगली. आकर्षण हा प्रभाराचा पक्का पुरावा नव्हे, कारण प्रभाररहित वस्तूही ओढली जाते. प्रतिकर्षण झाले तरच दोन्ही वस्तू प्रभारित आहेत हे ठरते. दुसऱ्या दिवशी मी माझ्या रेशमी साडीच्या पदरावर काचेच्या दोन कांड्या घासल्या आणि एक दोऱ्याने टांगली. दुसरी जवळ नेताच टांगलेली मागे वळली. कंगवा नेला तेव्हा पुढे आली. ती मुलगी बाकावर उभी राहून पाहत होती. मी रागावले नाही.

हाच प्रयोग आज सातवीच्या मुलांनी खालच्या दालनात मांडला आहे. अवश्य करून पाहा. मातांना एवढीच विनंती की, प्रयोगाला बसणाऱ्या मुलांच्या डोक्याला आज तेल लावलेले नसावे.